दर दोन महिन्यांनी जळजळ : सोलापुरातल्या एका विडी कामगार बाईंचं प्रकरण

बाई ५८ वर्षांच्या. पाळी ४७ व्या वर्षी गेली. राहायला शहराच्या पूर्व भागात, घरात तेलुगू, बाहेर मराठी. लग्न होऊन आल्यापासून विड्या वळतात. तीन बाळंतपणं, तिन्ही नॉर्मल. गर्भपिशवी जागेवर आहे. मधुमेह नऊ वर्षांचा, गोळ्यांवर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराचा प्रवास आहे तसाच ठेवलाय.

तक्रार एका वाक्याची होती. "मॅडम, वर्षभर उन्हाळी लागतीय. गोळ्या घेतल्या की जाती, परत येती." सोबत सून होती आणि तिच्या हातात कॅरीबॅगमध्ये कोंबलेली फाईल. सोलापुरात मार्च ते जून लघवीला जळजळ झाली की घरोघरी एकच निदान होतं, उष्णता झाली. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा, मेडिकलमधून लघवीचं गुलाबी सिरप. यांचंही तेच झालं होतं. फक्त त्यांची उष्णता दिवाळीत आणि गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीतही उतरत नव्हती.

फाईल नीट लावून वाचली. चौदा महिन्यांत प्रतिजैविकांचे सहा कोर्स. नॉरफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन दोनदा, सेफिक्झिम, नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिनचं एक पाकीट. लिहिणारे तीन वेगवेगळे डॉक्टर, आणि एक कोर्स थेट मेडिकलच्या काउंटरवरून जुनी चिठ्ठी दाखवून. सहापैकी तीन वेळा लघवीचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहायची तपासणी, झालेलं. त्यात दोनदा ई. कोलाय हा आतड्यातला जंतू, मिलिलिटरला एक लाखाच्या वर. तिसऱ्यात 'मिश्र जंतूंची वाढ', म्हणजे बहुधा नमुनाच खराब. उरलेले तीन कोर्स साध्या लघवी तपासणीत पू-पेशी जास्त दिसल्या एवढ्यावरच. दुसऱ्या ई. कोलायच्या रिपोर्टवर नॉरफ्लॉक्सासिन आणि ऑफ्लॉक्सासिनपुढे 'रेझिस्टंट', म्हणजे औषधाला न जुमानणारा, लिहिलेलं होतं. आधी तीनदा तेच दिलं गेलं होतं, त्यामुळे नवल वाटायचं कारण नव्हतं.

वारंवार होणारा मूत्रसंसर्ग म्हणायचा कधी? सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन, आणि ते कल्चरने सिद्ध झालेले असावेत. यांचे सिद्ध झालेले दोनच, पण पाच महिन्यांच्या अंतरातले. म्हणजे व्याख्येत बसतं, पण काठावर. बाकीच्या चार वेळी काय होतं, हा खरा प्रश्न.

सोनोग्राफी दोनदा झालेली. किडन्या चांगल्या, खडा नाही, लघवी करून आल्यावर मूत्राशयात फक्त ३० मिलिलिटर शिल्लक, गर्भाशयाचं अस्तर ३ मिलिमीटर. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.८, ठीक. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ७.६ टक्के. एवढ्या जाड फाईलमध्ये खालून तपासणी केल्याची एक ओळ नव्हती. मी कुणावर आळशीपणाचा ठपका ठेवत नाही. बाईंनी लघवीची तक्रार केली म्हणून लघवी तपासली गेली. डॉक्टर पुरुष, शेजारी सून उभी, बाहेर रांग, आणि त्या वयाच्या बाईला टेबलावर झोपा म्हणायचा संकोच. हे सगळं एकत्र आलं की मायांग तपासायचं राहून जातं आणि दर वेळी नवी गोळी लिहिली जाते.

मी विचारलं, "मावशी, जळजळ नेमकी कुठं होते? लघवी आत असताना, ओटीपोटात, की बाहेर पडताना कातडीला झोंबते?"

थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "दोन्ही होतंय की. कधी आत, कधी नुसतं बाहेर."

या उत्तरात निम्मं निदान होतं. जंतुसंसर्गात लघवी वारंवार लागते, थोडीथोडी होते, ओटीपोटात कळ येते, लघवीला वास किंवा रक्त असतं आणि हे सगळं एक-दोन दिवसांत अचानक सुरू होतं. कोरड्या, पातळ झालेल्या त्वचेवर लघवी लागली की होणारी आग वेगळी. ती रोजची असते, चालल्यावर, घासून धुतल्यावर वाढते, ताप नसतो, वारंवार जावं लागतंच असं नाही. एकेका कोर्सची तारीख घेऊन आम्ही आठवत गेलो. तीन वेळा नुसती बाहेरची आग होती. त्यावर उपाय म्हणून बाई दिवसातून दोनदा पाण्यात जंतुनाशक द्रव टाकून, वर साबण लावून धुवत होत्या. स्वच्छता राखा, असं कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते मनावर घेतलं होतं.

मग सुनेला केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवलं. तो शिक्का नंतर मारला तरी चाललं असतं. ती दाराबाहेर गेल्यावर बाई मोकळ्या झाल्या. संबंधांच्या वेळी कापल्यासारखं दुखायचं, एकदोनदा रक्ताचा डाग दिसला, चारेक वर्षांपूर्वी सगळं बंद केलं. "मालकांना म्हणाले, आता वय झालं, देवाधर्माचं बघा." त्यानंतर कधी रक्त दिसलं नव्हतं, हे दोनदा विचारून घेतलं. लघवी लागली की धरवत नाही, दारापर्यंत जाईस्तोवर दोन थेंब सुटतात, हेही आत्ताच कळलं. आधी का नाही सांगितलं? "कोण विचारलं होतं?"

तपासणीत जे दिसलं ते पाठ्यपुस्तकात असतं तसं. लहान ओठ जवळजवळ विरून गेलेले, योनीचं तोंड अरुंद, आतलं अस्तर फिकट, पातळ, चकचकीत. कापसाचा बोळा नुसता टेकला तरी लाल ठिपके उठत होते. खणाच्या चुण्या इस्त्रीने मोडाव्यात तशा योनीच्या आडव्या वळ्या सपाट झाल्या होत्या. मूत्रमार्गाच्या तोंडाशी कडा लालसर, किंचित बाहेर आलेली. मूत्राशय थोडं खाली उतरलेलं, पण उपचार लागावा इतकं नाही. पांढरे, चर्मपत्रासारखे चट्टे कुठे आहेत का ते मुद्दाम पाहिलं. लायकेन स्क्लेरोसस हा वेगळा आजार आहे, त्याची आग अशीच असते आणि त्याला स्टेरॉईडचं मलम लागतं. ते चट्टे नव्हते. बुरशीचा पांढरा थरही नव्हता. आम्लता मोजणारी पीएचची पट्टी (आकडा वाढला की आम्लता कमी) योनीच्या बाजूच्या भिंतीला टेकवली, रंग ६.५ वर थांबला. पाळी चालू असताना हा आकडा साधारण ३.५ ते ४.५ असतो. ही पट्टी फार स्वस्त असते, तरी स्त्रीरोगाच्या बाह्यरुग्ण विभागातही ती क्वचितच दिसते, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आत काय घडतं ते थोडक्यात. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन असेपर्यंत योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन ही साठवणीची साखर साठते. त्यावर लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू जगतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथली आम्लता टिकवतात. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, ग्लायकोजेन घटतं, लॅक्टोबॅसिलस जातात आणि त्या मोकळ्या जागेत गुदमार्गाकडचे ई. कोलाय मुक्कामाला येतात. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्याचं तोंड शेजारीच. शिवाय मूत्रमार्ग आणि मूत्राशयाच्या तळालाही इस्ट्रोजेनची गरज असते. म्हणून कोरडेपणा, घाईची लघवी आणि संसर्ग असं तिन्ही एकाच बाईत दिसतं. गरम हवेचं, आंबट खाण्याचं त्यात काही नसतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोन तज्ज्ञ संस्थांनी या सगळ्याला मिळून 'जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज' असं नाव दिलं. गरमीचे झोत काही वर्षांत आपोआप ओसरतात. हे दुखणं मात्र उपचार नसेल तर वर्षागणिक वाढत जातं, आणि म्हणूनच पाळी गेल्यावर दहा वर्षांनी आलेल्या बाईला त्याचा पाळीशी संबंध लागत नाही.

त्या दिवशीही आग होतीच. सुनेने घरून औषधाच्या धुतलेल्या बाटलीत लघवी आणली होती, रिक्षातून, एप्रिलच्या दुपारी. ई. कोलायला पोषक उबेत दुप्पट व्हायला वीसेक मिनिटं पुरतात; अशा बाटलीतून लॅबला काय सापडणार ते आधीच सांगता येतं. ती बाजूला ठेवली. नर्सने निर्जंतुक डबी दिली, साध्या पाण्याने धुवून, ओठ दोन बोटांनी बाजूला धरून, पहिली धार सोडून मधली घ्यायची, डबीची कड अंगाला लावायची नाही, हे हाताने दाखवलं. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचला. पू-पेशी ८ ते १०, कल्चर निर्जंतुक. शेवटचा कोर्स संपून पाच आठवडे झाले होते, त्यामुळे औषधाने जंतू दबले असतील असंही नव्हतं.

लघवीत पू-पेशी आहेत आणि कल्चर कोरं आहे, असं दिसलं की आपल्याकडे क्षयरोग आठवलाच पाहिजे. वजन घटलं नव्हतं, लघवीतून रक्त नव्हतं, सोनोग्राफी स्वच्छ होती, आणि पुढे दुसऱ्या नमुन्यात पू-पेशी दोन-तीनवर आल्या. त्या पेशी बहुधा योनीतूनच मिसळत होत्या. सातवा कोर्स लिहिला नाही. सुनेला ते पटलं नाही. एवढ्या लांबून येऊन गोळी नाही म्हणजे काय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

लिहिलं ते इस्ट्रिऑलचं मलम, इस्ट्रोजेनचाच एक सौम्य प्रकार. रोज रात्री झोपताना अर्धा मिलिग्रॅम, दोन आठवडे. मग आठवड्यातून दोनदा, पुढे चालूच. या उपचारामागे जुना आणि भक्कम पुरावा आहे. १९९३ मध्ये राझ आणि स्टॅम यांनी पाळी गेलेल्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांवर नेमका हाच डोस वापरून चाचणी केली. मलम लावणाऱ्यांत वर्षाला सरासरी ०.५ संसर्ग झाले, नुसतं बिनऔषधी मलम लावणाऱ्यांत ५.९. महिनाभरात ६१ टक्के स्त्रियांत लॅक्टोबॅसिलस परतले, दुसऱ्या गटात एकीतही नाही. अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही पाळी गेलेल्या बाईला असा त्रास असेल तर योनीतलं इस्ट्रोजेन द्यावं असंच म्हटलंय. तोंडाने घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांनी मात्र मूत्रसंसर्ग कमी होत नाहीत. इथे औषध जागेवरच लागतं.

फाईलमध्ये डी-मॅनोजची, म्हणजे संसर्ग टाळायला म्हणून विकतात त्या साखरेची, पाकिटंही होती, महिन्याला बऱ्यापैकी पैसे जात होते. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ५९८ स्त्रियांवरच्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. ती बंद करायला सांगितली. क्रॅनबेरीने वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांना थोडा फायदा होतो असं २०२३ च्या आढाव्यात आलंय, पण मजुरीतून ते रोज विकत घ्या असं मी सांगणार नाही. साबण आणि जंतुनाशक द्रव बंद, साधं पाणी पुरे. पाण्याचं थोडं सविस्तर बोलावं लागलं. रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायल्याने संसर्ग निम्म्यावर आल्याची चांगली चाचणी आहे, पण ती पाळी चालू असलेल्या, मुळात कमी पाणी पिणाऱ्या बायकांवरची. तरी सांगितलं, कारण या बाई सकाळी मांडीवर सूप घेऊन बसल्या की दुपारपर्यंत पाणीच पीत नव्हत्या. "उठलं की हात मोडतो, मॅडम." हजार विड्यांचा हिशेब असतो, आणि नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत घरातली बाई सगळ्यात कमी पाणी वापरते, हेही खरं.

दोन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा ट्यूब जवळजवळ भरलेलीच. चार रात्री लावलं आणि सोडलं. कारणं दोन. पहिलं, लावलं की चुरचुरायचं. अस्तर फार पातळ असलं की पहिला आठवडा असं होतं, ते सांगायला हवंच. पण इथे आणखी एक गोष्ट निघाली. ॲप्लिकेटर आत जाताना दुखतो म्हणून त्या बोटाने लावत होत्या, आणि बोटांना दिवसभराच्या तंबाखूची बारीक भुकटी. नखांच्या कडेला ती तपकिरी रेघ मला टेबलाच्या या बाजूनेही दिसत होती. नुसतं पाण्याखाली हात धरून ती जात नाही. नखं कापायची, साबणाने घासून हात धुवायचे, मग उताणं झोपून, गुडघे वर घेऊन, बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत मलम आत, आणि थोडंसं लघवीच्या तोंडाभोवती. बोटाने लावलं तरी चालतं. ॲप्लिकेटरवरची खूण पाहून तेवढंच बोटावर घ्यायचं.

दुसरं कारण घडीच्या कागदाचं. पुतण्याने पाकिटातला कागद मोबाईलवर भाषांतर करून वाचून दाखवला. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या. घरात हलकल्लोळ. त्याला बोलावून समजावलं. ही भीती मुख्यतः २००२ मध्ये थांबवलेल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' चाचणीतून आली, आणि तिथे दोन हार्मोनची गोळी रोज तोंडाने दिली होती. योनीत लावायच्या अल्प मात्रेने रक्तातलं इस्ट्रोजेन पाळी गेलेल्या बाईत असतं तेवढंच राहतं, आणि हजारो स्त्रियांच्या दीर्घ पाहण्यांत कर्करोग किंवा हृदयविकार वाढलेला दिसलेला नाही. तरी छापील इशारा सगळ्या इस्ट्रोजेनवर सरसकट तोच राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तो काढण्याची प्रक्रिया सुरू केली. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मी हे मलम देत नाही. पुतण्या हुशार निघाला. आठवड्याचे दोन वार ठरवण्यात त्यानेच मदत केली: सोमवारी सिद्धेश्वराचा उपवास म्हणून नको, शुक्रवार देवीचा नको, मग बुधवार आणि शनिवार.

तीन महिन्यांनी पीएच ५ वर आला होता. अस्तर गुलाबी, बोळा लावून रक्त येत नव्हतं. चालताना होणारी आग गेली, थेंब सुटणं बरंच कमी झालं. चौथ्या महिन्यात मात्र खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव घेऊन आल्या. "मलमानं झालं." अर्धं खरं होतं. अस्तरात ग्लायकोजेन परतलं की बुरशीलाही खाणं मिळतं. दुसरं अर्ध त्यांच्या मधुमेहाच्या चिठ्ठीत होतं: डॅपाग्लिफ्लोझिन. ही गोळी साखर लघवीतून बाहेर टाकते, आणि त्यामुळे खालच्या जागेची बुरशी वाढते. २०२० मध्ये आपल्याकडे पेटंट संपल्यापासून ती स्वस्त झाली, आणि हृदयासाठी, किडनीसाठी खरोखर चांगली आहे. म्हणून परस्पर बंद केली नाही. बुरशीवरचं क्लोट्रिमाझोल दिलं आणि त्यांच्या फिजिशियनना चिठ्ठी लिहिली. त्यांनी दुसरी गोळी दिली, खाज परत आली नाही.

पुढच्या मे महिन्यात एक खरा संसर्ग झाला. यावेळी बाईंनीच फोनवर सुनेकरवी कळवलं, "हे आतलं हाय." नमुना आधी, गोळी नंतर. ई. कोलाय निघाला, नायट्रोफ्युरँटॉइनला बधणारा. १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. वर्षभरात तेवढा एकच कोर्स. संसर्ग वाढलेच असते तर मेथेनामाइन हे प्रतिजैविक नसलेलं, लघवीतले जंतू रोखणारं औषध हातात राखून ठेवलं होतं. रोजच्या कमी मात्रेच्या प्रतिजैविकापेक्षा ते मागे पडत नाही असं २०२२ च्या ब्रिटिश चाचणीत दिसलंय. त्याची वेळ आली नाही.

एकदा अडचण भलत्याच ठिकाणी आली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांत लघवीचं कल्चरही झालं, ई. कोलाय आला आणि गोळ्या लिहून शस्त्रक्रिया पुढे ढकलली. बाईंना लघवीचा कसलाही त्रास नव्हता. त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं या वयात, त्यातही मधुमेहात, नेहमीचं आहे. गर्भारपण आणि मूत्रमार्गात आतून होणारी शस्त्रक्रिया एवढं सोडलं तर त्यावर औषध द्यायचं नसतं. दिलं तर पुढच्या वेळी जंतू आणखी चिवट निघतात. तशी चिठ्ठी दिली. डोळ्याच्या डॉक्टरांनी ती मानली, शस्त्रक्रिया गोळ्यांशिवाय झाली.

संबंधांचं पुन्हा विचारलं तेव्हा बाई हसल्या. दुखणार नाही म्हणून सुरू करायला हवंच असं थोडंच आहे, असा त्यांचा रोख होता, आणि तो त्यांचा प्रश्न.

त्यांच्या गल्लीतली, त्यांच्याबरोबरच विड्या पोचवायला जाणारी दुसरी एक बाई मध्यंतरी आली. वय ६१. हातात मलमाची रिकामी ट्यूब, मागितली होती की न विचारता घेतली होती कोण जाणे. "मला पण हेच लिहून द्या." मी विचारलं, पाळी गेल्यावर कधी अंगावरून लाल गेलं? दोन महिन्यांपूर्वी गेलं होतं, तीन दिवस. तिने त्याला उष्णताच म्हटलं होतं. पाळी गेल्यावर रक्त गेलं तर आधी त्याचं कारण शोधायचं असतं, म्हणून तिला मलम दिलं नाही. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ११ मिलिमीटर निघालं. बायोप्सीसाठी सिव्हिलला पाठवलं. तिथे पॉलिप, म्हणजे अस्तराचा छोटा कोंब, सापडला, साधा, तो काढला. मलम सुरू केलं ते त्यानंतर.